थंडीने करपलेली झाडं आणि बोन्सायची घाई

म्हापशाहून एका वाचक ताईंचं पत्र आलंय. नोकरीमुळे त्या दोघं नवराबायको बरीच वर्षं ओझर-निफाडकडे होते, आता रिटायर होऊन गावच्या घरी परत आले आणि येताना गच्चीवरच्या कुंड्या टेम्पोत घालून घेऊन आले. दोन बोगनवेली, एक जाड बुंध्याचा फायकस, एक कामिनी, एक जेड, एक करवंद आणि एक ज्युनिपर. पण निघायच्या आधी जानेवारीत तिकडे अशी थंडी पडली की सकाळी पानं पाण्यात उकडल्यासारखी मऊ दिसायला लागली आणि दोन दिवसांत काळी पडली. आता ताई विचारतायत, सगळं काळं पडलेलं छाटून टाकते, बोन्सायचे ट्रे आणूनच ठेवलेत, त्यात नवी माती घालून झाडं बसवते, इथल्या उबेत लगेच जोर धरतील ना? आणि हे शिगम्याच्या आत उरकायचंय कारण नंतर ऊन वाढेल.

ताई, इतक्यात नको. ट्रे धुवून माळ्यावर ठेवा, कात्रीलाही तेल लावून ठेवा. या झाडांना आत्ता छाटणी आणि रिपॉटिंग, म्हणजे कुंडी-माती बदलणं, दोन्ही नकोय, आणि दोन्ही एकाच दिवशी तर बिलकूल नको. तुमची तळमळ मला कळतेय, इतकी वर्षं सांभाळलेली झाडं अशी काळवंडलेली बघवत नाहीत आणि हात शिवशिवतात, पण सध्या त्यांच्यासाठी जे करता येण्यासारखं आहे त्यातलं निम्मं काम म्हणजे न करणंच आहे.

झालंय काय ते आधी समजून घेऊ. निफाडकडे थंडीत पारा ४-५ अंशांवर येतो हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. पण हवेत ४ अंश असले तरी उघड्या गच्चीवर, आभाळ निरभ्र असेल आणि वारा पडलेला असेल तर पानं स्वतःची उष्णता आकाशाकडे सोडत राहतात आणि हवेपेक्षाही थंड होतात, म्हणून पारा शून्यावर न जाताही पानावर हिमकण धरतात. पानाच्या आत पेशींच्या मधल्या जागेत बर्फ झाला की तो पेशींतलं पाणी ओढून घेतो, पेशी कोरड्या पडून फुटतात, आणि ऊन आल्यावर ते पाणी बाहेर झिरपतं, तेच तुम्हाला उकडल्यासारखं दिसलं. फायकससारख्या उष्ण प्रदेशातल्या झाडांना तर बर्फाचीही गरज नसते, पारा बराच वेळ १० अंशांच्या खाली राहिला तरी ती दुखावतात.

यात सगळ्यात महत्त्वाचं हे की इजा एकदम दिसून येत नाही. पानं दोन दिवसांत काळी पडतात, पण फांदी किती मेली हे कळायला कित्येक आठवडे जातात, कधी वरून हिरवी दिसणारी फांदी महिन्याभराने सुकत खाली येते आणि कधी जी मेली म्हणून सोडून दिली तिच्याच बुडाशी फुटवा निघतो. म्हणजे आज कात्री घेऊन बसलात तर तुम्ही अंदाजाने कापणार. जिवंत फांदी जाणार किंवा मेलेली राहणार, आणि मग पुन्हा कापावं लागणार.

दुसरं कारण आणखी मोठं. पानं गेली म्हणजे झाडाची कमाई बंद. आता ते जगतंय ते खोडात आणि मुळांत साठवलेल्या अन्नावर, आपल्याकडे पावसासाठी पुरुमेत, म्हणजे साठवणीचं सामान, करून ठेवतात ना, तसं. पहिली पालवी याच साठ्यातून येणार. तुम्ही जाड फांद्या कापल्या तर त्यातला साठा गेला, मुळं छाटली तर त्याहून मोठा साठा गेला, वर दोन्हीकडच्या जखमा भरायला आणखी खर्च. झाड एकदा पालवी काढेलही त्यातून, आणि बघणाऱ्याला वाटेल जमलं, पण तीच पालवी एप्रिलच्या उन्हात मान टाकते आणि दुसऱ्यांदा फुटायला शिल्लक काही नसतं. थंडीतून वाचलेली झाडं बरेचदा अशीच जातात, आणि नाव मात्र थंडीचं होतं.

आणि नव्या मातीने जोर येत नाही हो. नवी माती म्हणजे औषध नव्हे. मुळं मोकळी करून दुसऱ्या मातीत बसवली की केसासारखी बारीक मुळं तुटतात, आणि पाणी ओढायचं काम तीच करतात. निरोगी झाडाला हा धक्का सोसतो, तुमच्याकडच्यांना आत्ता सोसणार नाही.

मग आत्ता करायचं काय? पहिलं म्हणजे सावली. तिकडे पानांच्या आड असलेली साल आता उघडी पडलीय आणि फेब्रुवारी संपत आला की आपल्याकडचं दुपारचं ऊन अशा सालीला भाजून काढतं, खास करून पश्चिमेकडच्या बाजूला. ५० टक्केवाली शेडनेट बांधा, नाहीतर परसात चार खुंट्या रोवून वर माडाची चुडतं टाका, खालून वारा खेळता राहिला पाहिजे एवढं बघा. सकाळचं ऊन मिळालं तर उत्तमच. घरात मात्र आणून ठेवू नका, थंडी लागली होती म्हणून खोलीत ऊब देऊ असं वाटतं, पण पणजी-म्हापशाकडे जानेवारीतसुद्धा रात्रीचा पारा साधारण २० च्या आसपास असतो, त्यांना इथे बाहेर थंडी वाजणार नाहीये. खोलीत उजेड कमी पडेल आणि फुटवे लांबट, पांढुरके येतील.

दुसरं पाणी. इथे बरेच जण चुकतात. पान नाही म्हणजे झाड पाणी फारसं उडवत नाही, कुंडी ओलीच राहते, आणि आपण मायेने रोज तांब्याभर घालतो. थंडीने दुखावलेली मुळं अशा ओल्या मातीत दोन-तीन आठवड्यांत कुजतात. एक बांबूची काडी कुंडीत बोटभर खोल खुपसून ठेवा, काढून बघा, ओलसर आणि गार लागली तर पाणी नाही. कोरडी लागली की मग मात्र खालच्या भोकातून वाहीपर्यंत भरपूर. फांद्यांवर सकाळी हलका फवारा मारलात तर चालेल, सुप्त डोळे फुटायला मदतच होते. आणि तुमचं घर नदी-खाडीच्या बाजूला असेल आणि पाणी विहिरीचं असेल तर एप्रिल-मेमध्ये एकदा जिभेवर घेऊन बघा, मचूळ लागलं तर ते या झाडांना घालू नका, नळाचं घाला.

तिसरं खत. काहीच नको, शेणखत नको, पेंड नको, १९:१९:१९ सारखं रासायनिक खतही नको. पानं नाहीत तर खत वापरणार कोण, ते मातीत साठतं आणि त्यातले क्षार उरलीसुरली मुळं जाळतात. नवी पानं जून झाली, म्हणजे पोपटी रंग जाऊन गडद झाली आणि दोन बोटांत धरल्यावर जाड लागली, की मग पातळ करून सुरू करा, बाटलीवर लिहिलंय त्याच्या अर्ध्यानेच.

आता जिवंत-मेलेलं ओळखायचं कसं. नखाने किंवा छोट्या चाकूच्या टोकाने सालीवर तिळाएवढा ओरखडा काढा, टोकाकडून सुरू करून खाली खाली या. आतून हिरवं आणि ओलं दिसलं तर जिवंत, तपकिरी आणि कोरडं तर मेलेलं. जिथे हिरवं लागलं तिथे थांबा, फांदीभर ओरखडे काढत बसू नका, आणि त्या जागी सुताचा धागा बांधून ठेवा. पंधरा दिवसांनी पुन्हा बघा. धाग्याच्या वरती हिरवं सरकलेलं नसणारच, पण धाग्याच्या खाली तपकिरी उतरलंय का ते कळेल, आणि उतरायचं थांबलं की समजायचं सीमा ठरली. फायकसला आणखी सोपं, टोचल्यावर पांढरा चीक आला की तिथपर्यंत जीव आहे. चीक पातळ आणि कमी असेल तरी घाबरू नका, झाड तहानेलं असलं तरी तसं होतं.

काळी पानं ओरबाडू नका, त्यांच्या बुडाशी डोळा असतो आणि ओढताना तोही निघून येतो. स्पर्शाने गळतील ती गळू दे.

फक्त एक झाड असं आहे ज्याला थांबायचं नाही, ते म्हणजे तुमचं जेड. त्याच्या फांद्यांत पाणी भरलेलं असतं आणि थंडीने फुटलेला भाग मऊ, पिचपिचीत होऊन सडायला लागतो, ती सड खाली उतरते. आज संध्याकाळीच दाबून बघा. मऊ लागेल तो सगळा भाग कापा, चाकू दर वेळी स्पिरिटने पुसून, आणि कापलेल्या जागी आतला गाभा स्वच्छ, फिका हिरवा दिसेपर्यंत खाली या. तपकिरी ठिपका दिसला तर आणखी थोडं खाली. मग आठ-दहा दिवस पाणी बंद, पावसा-दवात न ठेवता वाऱ्यावर, जखम कोरडी खुटखुटीत होईपर्यंत. कडक राहिलेल्या फांद्या कापाव्या लागल्या तर फेकू नका, आठवडाभर सुकवून रेतीत लावा, मूळ झाड गेलंच तरी त्याचा वंश राहील.

बोन्साय करणाऱ्यांना फेब्रुवारी-मार्चची घाई असते कारण बहुतेक माहिती थंड देशांतल्या झाडांवरून आलेली असते, तिकडे वसंतातल्या त्या काही आठवड्यांत रिपॉटिंग झालं नाही तर वर्ष गेलं. निफाडलाही थोडं तसंच, पुढची थंडी यायच्या आत झाड सावरायला हवं. पण ताई, गोव्यात पुढची थंडी येणारच नाहीये! फायकस, बोगनवेल, कामिनी इथे जवळजवळ बाराही महिने थोडीफार वाढत राहतात. तुम्ही सहा महिने थांबलात तर तुमचं काही बिघडत नाही, उलट झाडाला दोन-तीन वेळा पालवी काढायला वेळ मिळतो. शिगम्यापर्यंत तुम्ही फक्त बघायचं. तोवर फायकसचे डोळे फुगलेले दिसायला हवेत, बोगनवेलीला बहुतेक बुडाकडून फुटवे येतील. कामिनी जरा उशीर लावेल, करवंद त्याहून उशीर, पण ते कातळावरचं चिवट झाड आहे, त्याची मला फारशी काळजी वाटत नाही.

एप्रिलच्या शेवटी-शेवटी, पहिली पालवी जून झाल्यावर, नक्की मेलेलं तेवढं काढा. तेही एकदम खोडाला चिकटून कापू नका, बोटाच्या पेराएवढा खुंट ठेवा, कारण एक तर सुकणं अजून थोडं खाली उतरू शकतं आणि दुसरं म्हणजे त्या खुंटाचं काय करायचं हा बोन्सायचा प्रश्न आहे, तो नंतर शांतपणे ठरवता येतो. नवे फुटवे कितीही वेडेवाकडे आले तरी एकही खुडू नका. आकार बिघडतोय असं वाटेल, बिघडू दे. या घडीला प्रत्येक पान झाडाला खायला घालतंय, आणि जो फुटवा पुढे नकोसा वाटणार आहे तोच आत्ता खालची साल जाड करतोय आणि जखमा भरतोय. तारही गुंडाळू नका, थंडी खाल्लेल्या फांद्या वरून धडधाकट दिसतात आणि वाकवताना काडकन मोडतात. जुन्या तारा असतील तर कापून तुकड्या-तुकड्याने काढा, उलगडत बसू नका.

मग येतो आपला पाऊस, आणि इथे मला तुम्हाला जरा बजावून सांगायचंय कारण तुम्ही बरीच वर्षं कोरड्या भागात काढलीत. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिमी पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. या दिवसांत झाडं जोमाने वाढतात हे खरं, पण कापलेल्या जाड फांद्या सुकत नाहीत, बुरशी धरते आणि सड आत शिरते. म्हणून फायकसची आकाराची छाटणी करायची असेल तर मेच्या मध्यावर करा, म्हणजे जखमांना दोन-तीन आठवडे कोरडे मिळतील, आणि तीही झाड पानांनी गच्च भरलं असेल तरच. भरलं नसेल तर यंदा नाहीच.

मोठ्या जखमांना बोर्डो पेस्ट लावा, आपले सुपारीवाले पावसाच्या तोंडावर कोळेरोगासाठी बोर्डो फवारतात त्याचंच हे घट्ट रूप. १०० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) अर्ध्या लिटर पाण्यात, १०० ग्रॅम चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरात, वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत विरघळवायचं आणि मग एकत्र करून ढवळायचं. लोखंडी भांडं वापरू नका. तयार झाल्यावर त्यात स्वच्छ लोखंडी सुरी मिनिटभर बुडवून बघा, तांबूस झाली तर चुना आणखी हवा. त्याच दिवशी वापरायचं, उरलं तर ठेवून देऊ नका. हातमोजे घाला. डांबर किंवा ऑइलपेंट लावायची पद्धत अजून काही ठिकाणी आहे, ती नको, आत ओल कोंडते.

रिपॉटिंगचा नंबर सगळ्यात शेवटी. फायकस मेमध्ये छाटला तर तो पुन्हा भरून आल्यावर, चवथ (गणेश चतुर्थी) झाल्यावर, पावसाचा जोर ओसरला की ट्रेमध्ये घेता येईल. रात्रीसुद्धा उबदार असतात तेव्हा आणि हवेत ओलही असते, मुळं पटकन धरतात. मुळांचा एक तृतीयांशापेक्षा जास्त भाग कापू नका, पहिल्या वेळी तर त्याहूनही कमी, आणि नंतर दोन-तीन आठवडे सावलीत. बोगनवेली, कामिनी आणि करवंद मात्र पुढच्या वर्षीच्या फेब्रुवारी-मार्चपर्यंत आहेत त्याच कुंडीत राहू देत. बोगनवेलीची मुळं ठिसूळ आणि नाजूक असतात, हललेलं तिला आवडत नाही, नीट सावरलेली बोगनवेलसुद्धा रिपॉटिंगनंतर रुसते. जेडला पाऊस संपून हवा कोरडी झाल्यावर, आणि पावसाळाभर त्याला पत्र्याखाली ठेवा.

रिपॉटिंगला एवढं थांबायला सांगतेय त्याला अपवाद एकच. टेम्पोत एखादी कुंडी फुटली असेल, किंवा पाणी घातल्यावर ते वर साचून राहतंय आणि मातीला कुबट वास येतोय, तर ते झाड हलवावं लागेल. कुंडी आडवी करून गोळा अलगद सरकवून बाहेर काढा आणि कडेची मुळं बघा, पांढरी-बदामी आणि टणक असतील तर बरी, काळी आणि ओढल्यावर साल सुटून आतला दोरा हातात येत असेल तर कुजलेली. कुजलेली तेवढी काढा, बाकी गोळा न विसकटता थोड्या मोठ्या मातीच्या कुंडीत बसवा आणि भोवती नवं मिश्रण भरा. ट्रेमध्ये नव्हे! ट्रेमधली माती उथळ असते, मुळांना आसरा कमी आणि सुकणं-भिजणं फार झपाट्याने.

मिश्रणात कोकोपीट जवळजवळ नकोच, आपल्या पावसात ते आठवडेच्या आठवडे चिंब राहतं. जुनी फुटकी कौलं असतील तर फोडून, चाळून वाटाण्याएवढे तुकडे घ्या आणि पीठ फेकून द्या, दोन भाग ते, एक भाग नदीची जाड रेती, एक भाग कुजलेलं शेणखत किंवा पानांचं खत. समुद्राची वाळू अजिबात नको, कितीही धुतली तरी. परसातली तांबडी माती नुसतीच घातली तर ती बसून दगड होते, घालायचीच असेल तर मूठभर.

आता थोडं बोन्सायच्या बाजूने. तुम्ही लिहिलंय की फायकसची मुख्य फांदी वरून अर्धी गेलीय म्हणून आकार संपला. मला तसं नाही वाटत. जाड बुंध्यावर बारीक शेंडा हेच तर आपल्याला हवं असतं, आणि वरचा भाग मेल्यामुळे फुटवे खाली, जुन्या खोडावर येणार, जे तुम्ही एरवी कापून कापून आणायचा प्रयत्न केला असता. त्यातला एक नवा शेंडा म्हणून निवडा, पण पावसानंतर. बोगनवेल कलमी असेल, एकाच झाडावर दोन-तीन रंग वगैरे, तर फुटवा सांध्याच्या वर आलाय की खाली हे बघून ठेवा. खालचा असेल तर तो मूळ खुंटाचा, तुमचा आवडता रंग त्यावर येणार नाही. आणि मेलेल्या फांदीचा खुंट सोलून वाळकं लाकूड म्हणून दाखवायची जी पद्धत आहे ती करवंदावर शोभेल आणि टिकेल, लाकूड टणक आहे. फायकस-बोगनवेलीवर मात्र आपल्या दमट हवेत दोन पावसाळ्यांत ते भुसभुशीत होऊन सड खोडात उतरेल, तिथे खुंट पुढे स्वच्छ कापूनच टाकायचा.

राहता राहिलं ज्युनिपर. तुम्ही लिहिलंय की सगळ्यात बरं तेच दिसतंय, हिरवं आहे. ताई, ज्युनिपर थंडीला घाबरत नाही, त्यामुळे तिकडच्या थंडीने त्याला काही झालं नसेल, पण ते मेल्यावरही कित्येक आठवडे हिरवं दिसत राहतं, आणि प्रवासात मुळं सुकली असतील तर ते आत्ता कळणार नाही. पानोळा हातात घेऊन चोळा. लवचीक असेल आणि ताजा वास आला तर जिवंत, खरखरीत होऊन चुरा पडला किंवा हिरव्यात राखाडी झाक आली असेल तर गेलंय. त्याला पान नसलेल्या जुन्या लाकडावर पुन्हा फुटवा येत नाही, म्हणून त्याची हिरवी टोकं तर मुळीच कापू नका. आणि जिवंत असलं तरी आपली बारमाही उष्ण दमट हवा त्याला मानवणारी नाही, त्याला थंडीची विश्रांती लागते. तिकडे तुमचे कोणी शेजारी-मैत्रीण असतील ज्यांच्या हातात ते नीट राहील, तर येत्या जाण्या-येण्यात त्यांच्याकडे पोचवायचा विचार करा. मन होणार नाही हे मला माहीत आहे.

जेडचं आज बघा. बाकीच्यांना धागे बांधून झाले की प्रत्येक झाडाचा एक फोटो बुडाकडून आणि एक वरून काढून ठेवा, आणि एप्रिलच्या शेवटी दुसऱ्या फोटोंसकट परत लिहा, विशेषतः कामिनीबद्दल, कारण तिच्या खोडाला उभी चीर गेलीय असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. ती चीर दोन बोटांपेक्षा लांब आहे का, कडेची साल सुटून हलतेय का, आणि वळसा घालून किती भागाला गेलीय, एवढं मोजून कळवा. तोवर सुटलेली साल धारदार ब्लेडने जिवंत कडेपर्यंत साफ करा, कोरडी ठेवा, त्यावर काही बांधू नका.